पान आपोआप मागे जातं

जळगाव, ५ जानेवारी

ती. कोकिळाअक्कास लोटनचा शि. सा. न. वि. वि.

फोन तुझी पुनमच उचलते, म्हणून पत्र. दिवाळीत तिने माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये कसलंसं प्लगिन टाकलं. म्हणाली, मामा, माउसने नुसती रेघ मारायची की पान मागे जातं. आता मी गिऱ्हाइकाला दागिन्यांचे नमुने दाखवायला बसलो, की पान आपोआप मागे पळतं, कधी बंदच होतं. काल चोपड्याची मंडळी हसून म्हणाली, सोनारभाऊना कॉम्प्युटरमा भूत शे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचीने बिघडवलाय, असं मी चारचौघांत सांगून टाकलं. तिला जरा समज दे. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या मात्र मीच घडवतोय, काळजी नसावी.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
लोटन

धुळे, ९ जानेवारी

ती. मामांस पुनमचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आईने मला फैलावर घेतलं. चूक माझीच, न विचारता नसतं लोढणं तुमच्या गळ्यात बांधलं. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, एक्स्टेन्शन उघडा आणि माउस जेश्चरपुढचं बटण बंद करा. भूत उतरेल.

पण मामा, माउसचं उजवं बटण दाबून धरून ओढलं तरच ते प्लगिन चालतं. नमुने दाखवताना तुम्ही ते कशाला दाबून धरता? मामीला विचारलं, तर ती बसली की काहीच होत नाही म्हणे. आणि पत्रातलं अक्षर तुमचं वाटलंच नाही. एवढे रागावलात का माझ्यावर?

रागवा, पण लग्नात माझ्या पाठीशी मामा म्हणून तुम्हीच उभं राहायचं.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
पुनम

जळगाव, १४ जानेवारी

चि. पुनमस अनेक आशीर्वाद.

सांगितलंस तसं बंद केलं. पान आता पळत नाही. पण पडद्यावरचा बाण थरथरतो, आणि त्याला बंद करायचं बटण नाही. पुनम, हात माझाच कापतो. कापू नये म्हणून मी माउस मुठीत आवळतो, त्यात बटण दाबलं जातं. तुझा काही दोष नसताना गिऱ्हाइकांपुढे तुझं नाव घेतलं. फार लाज वाटते.

त्याहून मोठी लाज पुढे आहे. तुझ्या वाट्या मला जमल्या नाहीत. प्रत्येक वेळी सांधा जोडायला डाख लावताना हात हलला. शेवटी शेजारच्या झुलाल कारागिराकडे गुपचूप दिल्या, आणि माझ्या हातच्या म्हणून तुला देणार होतो. सोनाराचा हात गेला, हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

माझं अक्षर आता मलाच लागत नाही, म्हणून मी सांगतोय आणि तुझी मामी लिहितेय. तिलाही हे आत्ताच कळतंय. ती मान वर करत नाही.

मामाला मनातून उतरवू नकोस, एवढंच मागणं.

लोटनमामा

ता. क. या ओळी प्रमिलामामीच्या. सोमवारी ह्यांना डॉक्टरकडे नेते. मला आत्ताच कळलं, असं ह्यांना वाटतंय. गणपतीपासून मी ह्यांना चहा अर्धाच कप देते, लोकांसमोर सांडू नये म्हणून. हे मला चिक्कट म्हणतात. म्हणू दिलं.