उशीर झाला, परत!

२ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून चौदा वर्षं झाली. एका शिट्टीवर चारशे माणसं साडेतीन मिनिटांत गेटबाहेर काढतो. आणि घरात माणसं तीन, तर त्याचा उकिरडा. आज सोफ्याच्या फटीत हात घातला. अर्धं चघळलेलं बिस्किट, एक ओला मोजा आणि तिसरी एक वस्तू निघाली. ती ओळखता आली नाही. मऊ होती. हात दोनदा धुतले.

दुसरं मूल २८ एप्रिलला. पहिलं अडीच वर्षांचं. घरात तिला फौजदार म्हणतात, कारण हुकूम ती सोडते आणि अंमलबजावणी आपण करायची.

बायकोची मागणी एकच. मागच्या वेळी मी गाडी लावायला जागा शोधत होतो. वर पोचलो तर फौजदार जन्मून, पुसून, गुंडाळून तयार. या वेळी तू माझ्याजवळ असायचंस, बाकी काही नाही केलंस तरी चालेल, असं ती म्हणाली. बाकी काही नाही केलंस तरी चालेल! प्लॅनिंगबद्दल लोकांची ही समज.

संकल्प: पंधरा दिवसांत फौजदार डायपरमुक्त. एका महिन्यात कॉटमधून पलंगावर. घर ते दवाखाना मॉक ड्रिल, महिन्यातून दोनदा तरी. शिवाय चिडायचं नाही.

५ मार्च

सासूबाईंचा फोन. महिनाअखेरीस येऊन राहते म्हणाल्या. नम्रपणे सांगितलं, गरज नाही, सगळी सिस्टिम बसवली आहे. खरं कारण लिहून ठेवतो: त्या फरशीवर सांडलेलं पायाने पुसतात. त्याच पायाने मग गादीवर. बायको संध्याकाळपर्यंत बोलली नाही. गरोदरपणात मूड बदलतात.

८ मार्च

पॉटी आणली. पिवळीधमक, म्हणजे लांबूनही दिसावी. फौजदाराने तिच्यावर आधी तिच्या कापडी अस्वलाला बसवलं, मग स्वतः वीस मिनिटं बसली. मग उठली, पडद्यामागे गेली आणि कार्यभाग तिथे उरकला. अडीच वर्षांच्या पोटात एवढा वास कुठून येतो, यावर कुणीतरी संशोधन केलं पाहिजे. कारखान्यातला मास्क, गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून साफ केलं. बायको म्हणाली, बाळंतपणालाही ह्याच वेषात येणार का? टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

१२ मार्च

आज एक उत्तम कल्पना. फौजदाराला बाळाची सवय व्हावी म्हणून नमुना तयार केला. उशीच्या अभ्र्यात साडेतीन किलो साखर, वर मार्करने डोळे. वजन हुबेहूब. तिला सांगितलं, हे बाळ, हळू हात लावायचा. ती त्याच्यावर बसली. सुरुवात आहे.

१४ मार्च

प्रगती. फौजदार स्वतःहून नमुन्याला कुशीत घेऊन झोपली. झोपण्यापूर्वी त्याला पाणी पाजलं म्हणे. ममता जागी होते आहे.

१६ मार्च, रविवार

ड्रिल क्रमांक १. दहाच्या ठोक्याला शिट्टी. नियम साधे. फौजदाराने बूट घालून दाराशी बसायचं. बायकोने निघायचं. मी बॅग घेऊन गाडी काढायची. ड्रिलमध्ये हे खोटं आहे असं कुणी म्हणायचं नाही, खरं समजूनच वागायचं.

लागलेला वेळ: एक्केचाळीस मिनिटं. लक्ष्य: बारा. कारणं: फौजदाराला बूट नको, चप्पल हवी. मग चप्पल नको, अस्वल हवं. मग तिने दारात उलटी केली, माझ्या बुटावर, सकाळचं दूध, दह्यासारखं झालेलं. बायको जिन्यात बसून हसत होती. मी सांगितलं, उशीर झाला, परत! ती म्हणाली, आठवा महिना आहे, तूच कर परत. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या मावशी डोकावल्या. शिवणकाम करतात. अंगभर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. दोरा तोंडात घालून, थुंकीने ओला करून सुईत ओवतात आणि त्याच बोटांनी फौजदाराचे गाल ओढतात. बायकोला म्हणाल्या, काही लागलं तर हाक मार गं, मी घरीच असते. मी म्हटलं, धन्यवाद, लागणार नाही.

१७ मार्च

कॉटमध्ये मुंग्या. गादीत, कठड्यावर, भिंतीवर रांग, थेट खिडकीपर्यंत. पाजलेल्या पाण्याने नमुन्याचा पाक झाला, आणि वर फौजदाराने रात्रीत स्वतःचीही भर घातली होती. नमुना उचलला तर चिकट तार निघाली, त्यात मुंग्या हातपाय हलवताहेत. मला कोरडी उलटी झाली. बायकोने एका शब्दाने मदत केली नाही. फक्त म्हणाली, साखर संपल्येय, येताना आण.

नवा नमुना वाळूचा करावा. पण कॉटचं काम आधी. गादी गच्चीत टाकली आहे. फौजदार आमच्यामध्ये झोपते, आडवी. तिची टाच रात्रभर माझ्या बरगड्यांत.

२२ मार्च

ड्रिल क्रमांक २. सव्वीस मिनिटं. पंधरा मिनिटांची बचत! शिट्टी वाजताच फौजदार बूट घालून दाराशी. बूट उलटसुलट पायांत, पण हजर. वेळ कुठे जातो ते शोधून काढलं: बॅगेत. शोधा, उचला, खाली न्या. तोडगा: बॅग कायमची माझ्या गाडीच्या डिकीत. कपडे, टॉवेल, दुपटी, फाइल, सगळं. इतकं साधं असून आजवर कुणाला सुचलं नाही, याचं नवल वाटलं.

उशीर झाला, परत, असं आता फौजदारच मला म्हणते. पोरीला विषय कळतो.

२५ मार्च

आनंदाची बातमी. तीन दिवस संध्याकाळचे डायपर कोरडे. आणि पॉटीही कोरडी! शिस्त लागली की शरीर आपोआप ताब्यात येतं. बायकोला हे समजावून सांगितलं. तिला जांभई आली.

२७ मार्च

प्लांट मॅनेजरच्या केबिनमध्ये मीटिंग. भयंकर दर्प. शिळा, आंबूस, नाकात बसणारा. मी सरळ सांगितलं, तुमच्या केबिनखालची गटारलाइन तुंबली आहे. लेखी नोट दिली. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. खरं बोलणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

२८ मार्च

फौजदाराने आज मला हाताला धरून नेलं आणि तिची शूची जागा दाखवली. दाराजवळचा खालचा कप्पा. तिथे माझं सेफ्टी हेल्मेट असतं. पिवळंधमक.

आठवडाभर डोक्यावर होतं. पुढे लिहवत नाही. केस तीनदा धुतले. गटारलाइनची नोट परत मागता येईल का, विचार करतो आहे.

४ एप्रिल

ड्रिल क्रमांक ३. एकोणीस मिनिटं. बारा फार दूर नाहीत. मी उशीर झाला, परत, म्हणताच बायकोने पाय पसरले आणि म्हणाली, पुरे. आता तुझ्या शिट्टीची वाट बघणार नाही. आता मीच फोन करीन, मग बघू किती मिनिटांत येतोस ते.

मला भरून आलं. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली! सरप्राइझ ड्रिल, तीही तिच्या पुढाकाराने. कारखान्यातल्या चारशे माणसांत एकालाही हे सुचलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.३५

कारखान्यात. बायकोचा फोन. सुरू झालंय, ये म्हणाली. लगेच ओळखलं. तारखेला अजून सतरा दिवस आहेत. आवाजातला कंप उत्तम साधला होता. सांगितलं, छान, वेळ नोंदवली आहे, नियमाप्रमाणे निघतो. ती जे म्हणाली ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. ड्रिल खरं समजूनच करायचं, हा नियम तिने मनावर घेतलेला दिसतो.

११.१०

आता वरच्या मावशींचा फोन. त्यांनाही सामील करून घेतलंय! पाणी गेलंय, कळा येताहेत, माझा जावई व्हॅन घेऊन आलाय, तुम्ही थेट दवाखान्यात या, असं एका दमात म्हणाल्या. तोंडात दोरा होता बहुतेक. मी म्हटलं, मावशी, काम चांगलं करता, पण जरा जास्त होतंय. त्यांनी फोन ठेवला.

११.१५

गुण: संपर्क, दहापैकी आठ. अभिनय, नऊ. परवानगीशिवाय बाहेरची व्यक्ती घेतली, वजा दोन. आज बारा अग्निशामक सिलिंडर तपासायचे आहेत. ते संपवून निघतो. ड्रिलमध्ये घाबरून धावणारा माणूसच अपघात करतो.

१२.५०

घरी. कुणी नाही. दार नुसतं ओढून घेतलेलं. फौजदाराचे बूट नाहीत, अस्वल नाही. बेडरूमपासून दारापर्यंत फरशी ओली. आधी चीड आली, की हे आता पुसणार कोण. फडकं आणलं, वाकलो.

मग लक्षात आलं, ड्रिलसाठी कोणी फरशीवर पाणी सांडत नाही.

१२ एप्रिल. दुपारी ४, दवाखान्यातलं बाकडं

मुलगा. काल ११.५८ला. तीन किलो दोनशे. दोघं सुखरूप. त्या वेळी मी सिलिंडर क्रमांक नऊचा काटा बघत होतो.

बॅग डिकीत आणि डिकी कारखान्यात, म्हणून पोराला मावशींच्या व्हॅनमध्ये पडलेल्या कुणाच्यातरी झग्याच्या अस्तरात गुंडाळलं. एका कडेला कच्ची शिलाई होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल.

बाकी हकीकत मावशींकडूनच कळली. दुसरं कुणी माझ्याशी बोलत नाही. निघताना फौजदाराला कुणी काही सांगितलं नव्हतं. शिट्टी नाही, काही नाही. तिने स्वतः बूट घातले, बरोबर पायांत, अस्वल घेतलं आणि दाराशी जाऊन बसली. ठरल्याप्रमाणे जागेवर असलेली घरातली ती एकटीच.

बायको आत जाताना तीनदा म्हणाली, तो येतोय. चौथ्यांदा म्हणाली नाही.

मावशींनी मला चहाचा कप दिला तेव्हा त्यांच्या मनगटावर चार वण दिसले. नखांचे, अर्धगोल, खोल रुतलेले. त्यांनी बाही खाली ओढली आणि म्हणाल्या, होतं असं, जोर आला की माणूस हाती लागेल ते धरतं. त्याच त्या बोटांनी दिलेला चहा. मी सगळा प्यायलो. ते वण माझ्या मनगटावर हवे होते.

बायकोने एकच प्रश्न विचारला, किती मार्क दिलेस? रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. मग म्हणाली, आईला फोन कर. केला. सासूबाईंनी काही विचारलं नाही. उद्या सकाळी पोचते, एवढंच म्हणाल्या. फरशी अजून तशीच आहे. त्यांनी पायाने पुसली तरी चालेल.

आत्ता फौजदार पाळण्याजवळ गेली. वाकून बघितलं. नमुना, म्हणाली. एक बोट लावलं, अगदी हळू, मी शिकवलं होतं तसं. मग माझ्याकडे आली, माझ्या खिशात हात घालून शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, बाबा, उशीर झाला. परत.

मी तिला मांडीवर घेतलं. शिट्टी खिशात ठेवली.