वॉल्टरच्या गॅरेजमधली पेटी

ती. मृदुलाताईस,

धाकट्या चंद्रहासचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल असं धरून मोठ्या अक्षरात लिहितोय. (अक्षर वाकडं आलं तर तो दोष तुझ्या डोळ्यांचा नाही, माझ्या हाताचा आहे.) इथे आम्ही सगळे जिवंत आहोत, खुशाल म्हणायला मात्र अजून धीर होत नाही.

आपली ऋचा आणि जावई सकाळी सातला आपापल्या गाड्या काढून कामावर जातात. मग ख्राइस्टचर्चच्या या घरात मी एकटा. अधूनमधून जमीन हलते. चहाचा कप बशीत आपोआप वाजायला लागतो, मी जेवणाच्या टेबलाखाली शिरतो आणि तिथून ऋचाला फोन लावतो. ती म्हणते, "बाबा, तीन पॉइंट चारच होता." (ती इमारतींची इंजिनिअर. तो 'च' तिला शोभतो, मला नाही.)

म्हणून मी शेजारच्या वॉल्टरकडे जाऊन बसायला लागलो. वय चौऱ्याऐंशी, मूळचे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, घरी दुसरं कोणी नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाहीच. रंधे, पटाश्या आणि करवती, सगळं हाताने चालवायचं. त्यांचे आजोबा खुर्च्या करायला शिकले ते शेकर नावाच्या एका पंथाच्या लोकांकडून. त्या लोकांनी लग्न करायचं नाही, स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही, पण खुर्ची अशी करायची की शंभर वर्षं डुगडुगता कामा नये. (लग्न न केल्यामुळे पंथ जवळजवळ संपला. खुर्च्या आहेत.) आजोबांच्या गावात कोणाचं कोठार जळालं की सगळं गाव जमायचं आणि अंधार पडायच्या आत नवं उभं करायचं, हे सांगताना वॉल्टर हातातला रंधा खाली ठेवतात. त्याच गावात हिवाळ्यात मुलं पटापट दगावायची, तेही ते लपवत नाहीत. मी ऐकत ऐकत रंधा मारायला शिकलो. लाकडाचा पापुद्रा अखंड निघाला की मला दहावी पास झाल्यासारखं वाटायचं.

गेल्या मंगळवारी त्यांनी मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं आणि टेप लावून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. मग खांदे. आकडे एका फळीवर लिहिले. मला वाटलं, खुर्ची करतायत. पण खुर्चीला माणसाची उंची कशाला लागते, असा विचार येतोय तोवर मागच्या ताडपत्रीखाली ती दिसली. पाइनची माणसाएवढी लांब पेटी, अजून झाकण नसलेली. ताई, मी चप्पल तिथेच टाकून घरी आलो.

आणि घरी आल्यावर सगळं जुळत गेलं. पंधरा दिवसांपूर्वी ऋचाने मला छाती तपासायला नेलं होतं. रिपोर्ट मला दाखवला नव्हता. त्याच संध्याकाळी ती कुंपणापाशी वॉल्टरशी हळू आवाजात बोलत होती. म्हणजे घरच्यांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, लाकूडसुद्धा आणून झालं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. तीन दिवस, ती दोघं कामावर गेली की मी दाराला आतून कडी लावून बसलो. वॉल्टर रोज येऊन दार वाजवायचे आणि मी सोफ्यामागे. (एकाहत्तराव्या वर्षी सोफ्यामागे बसणं सोपं असतं. उठणं नाही.) तिसऱ्या दिवशी ऋचा लवकर परतून मागच्या दाराने आली तेव्हा मी तिथेच होतो.

तिने मला उठवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि हसली नाही. रिपोर्ट काढून दाखवला. ॲसिडिटी होती. कुंपणापाशी ती वॉल्टरना सांगत होती, बाबांना रोज बोलवत जा, एकटे घाबरतात. मग माझा हात धरून तिने मला वॉल्टरकडे नेलं.

वॉल्टर फार ओशाळले. म्हणाले, "पेटी माझी आहे, चंद्रा. तुझी-माझी उंची एकच, म्हणून माप घेतलं. मी आत झोपलो तर पाठ मला उठू देत नाही. एकदा झोपून बघशील?"

ऋचा ठाम नाही म्हणाली. मीही तेच म्हणणार होतो, पण तीन दिवस मी या माणसाला दाराबाहेर उभं केलं होतं. झोपलो. खाली भुसा, नाकात पाइनचा वास, वर गॅरेजचं छप्पर. आणि नेमकी तेव्हाच जमीन हलली. खुंट्यांवरच्या करवती वाजू लागल्या. वॉल्टर माझ्यावर ओणवे झाले, एका हाताने पेटीची कड आणि दुसऱ्याने माझा हात धरून राहिले. त्यांचा हात माझ्याहून गार होता. हलणं थांबल्यावर मी म्हटलं, "खांद्यांत आवळतंय." त्यांनी पेन्सिल घेतली आणि अर्धा इंच वाढवून लिहिला.

तर ताई, हा देश माझ्यासारख्या भित्र्याचा नाही. तू ऋचाला फोन करून मला लवकर परत पाठवायला सांग. तुझं ती ऐकते.

तुझा,
चंद्रहास

ता. क. ऋचाला फोन करू नकोस. झाकण व्हायचंय आणि वॉल्टरच्याने आता रंधा ओढवत नाही. तिकीट मीच दोन महिने पुढे ढकललंय.

आणखी एक. वॉल्टरची तब्येत बरी आहे, काल चार थालीपीठं खाल्ली. पण वेळ येईल तेव्हा मी त्यांच्याजवळ उभं राहून आपल्या भाषेत चार शब्द बोलावेत, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आमची ही गेली तेव्हा बोलायला तूच उभी राहिली होतीस. काय बोललीस ते लिहून पाठव. त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं.