खोक्यातली चिठ्ठी

चि. अमृत,

लोणावळ्यात हॉटेलांत राबणाऱ्या आपल्या पोरांची गुप्तरोगांच्या माहितीची बैठक मी घ्यायचो. तोंडानं विचारायला लाज वाटते ते नाव न घालता लिहायचं, चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात टाकायचं, आणि मी वाचून उत्तर द्यायचं. प्रशिक्षणात पहिलंच सांगितलं होतं, कुठल्याही चिठ्ठीला हसायचं नाही.

"लघवीला जळजळ व्हतीय, पू येतो. घरी कळंल का?"

मोठ्यानं वाचता वाचताच मी अक्षर ओळखलं. शिकवणाऱ्याच्या सख्ख्या भावालाच असला आजार, हे कळलं तर माझं कोण ऐकणार? म्हणून मी खदखदून हसलो. सगळे हसले. तूही हसलास.

परत येताना तू म्हणालास, "दादा, त्या पोराला उत्तर द्यायचं ऱ्हायलं."

मी म्हणालो, "असल्यांना कसलं उत्तर?"

मग तू स्टँडामागच्या एका भोंदू डॉक्टरकडं दीड महिना इंजेक्शनं घेत राहिलास, आणि शेवटी तापानं फणफणत दवाखान्यात भरती झालास. आता बरा होऊन इंदुरीला मामांकडं राहतोस. माझा फोन घेत नाहीस.

उत्तर एवढंच होतं रे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, नाव बाहेर जात नाही, आणि मी सोबत येतो.

हे पत्र मी टाकणार नाही. मामा आलेलं पत्र ओसरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवतात. तुझं दुखणं एकदा चारचौघांत वाचलं गेलंय, माझ्याच तोंडून. पुन्हा नको.

अंकुशदादा