मशीनवरचा आळ

आई,

सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालते आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कमरेत जिथे इंजेक्शन दिलंय ती जागा ठणकते. मला दिवस गेलेत. असं एका वाक्यात सांगितलं की किती सोपं वाटतं, पण त्याला वर्ष गेलं.

आधी रोज इंजेक्शनं घेतली, एकाच महिन्यात पुष्कळ बीजं तयार व्हावीत म्हणून. त्याने अंगात हार्मोन इतकं चढलं की डॉक्टरबाई म्हणाल्या, आता घाई नको, गर्भाशयाचं अस्तर वेळेआधीच तयार होऊन पुढे निघून जातं, मग गर्भ रुजत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गोठवून ठेवला, नंतर गोळ्यांनी अस्तर सावकाश तयार केलं आणि मगच आत सोडला. अस्तर म्हटल्यावर मला तुझे ब्लाऊजच आठवले. तूही अस्तर भिजवून, वाळवून मगच कापायचीस आणि घाई करणाऱ्या बायकांना परत पाठवायचीस. आता बाळाला पोसणारी वार तयार होऊन कामाला लागेपर्यंत ते अस्तर टिकवायचं, गर्भाशय शांत ठेवायचं काम बाहेरून दिलेल्या हार्मोनचं. पंचाईत अशी की छाती दुखते, पोट फुगतं, दिवसभर झोप येते, आणि डॉक्टरबाई म्हणतात, हे सगळं नुसत्या औषधानेही होतं. माझं कुठलं आणि औषधाचं कुठलं, काही कळत नाही. परवा सिकंदराबादला सोनोग्राफी आहे, ठोके दिसतात का ते बघायला. तोवर मी नवऱ्यावर खेकसते आणि तो बिचारा घासलेली भांडी पुन्हा घासतो.

तू काय करायचीस गं अशा वेळी? माझ्याआधी तुला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत सगळं संपलं. हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आजीने सांगितलं, तेही मला नाही. जामबागचं आपलं घर, मी लहान. तू खिडकीखाली पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवते आहेस, मी खाली बसून चिंध्या निवडते आहे. शेजारच्या काकू आल्या आहेत, आणि आजी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना सांगते, “हिच्या वेळेस मी मशीनला कुलूपच घातलं. तवा ही टिकली. आधीची दोन्ही हिच्या आईनं पायडल मारून मारून घालवली बघा.” मशीन थांबतं. तू दोरा तोडतेस, नवा कपडा घेतेस, पुन्हा पाय चालवतेस. मान वर करत नाहीस. म्हणजे मी जन्मले हाच तुझ्याविरुद्धचा पुरावा होता. आजीला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला तिचा अजून राग येतो.

आणि तुझाही येतो. कारण माझ्या लग्नात तू तेच मशीन मला दिलंस आणि हळूच म्हणालीस, “काही असलं तर याला हात लावू नक्को बरं. कायकू उगाच?” तू ते खरं मानलं होतंस.

मागच्या वेळी दवाखान्यात मी डॉक्टरबाईंना विचारलंच. त्या तेलुगू, माझ्याशी इथल्या दखनी हिंदीत बोलतात. “मिशीन से बच्चा नई गिरता, अम्मा,” त्या म्हणाल्या. “शुरू में बहुत बार गर्भच ठीक नई बनता. तुमारी अम्मी आराम से बैठते तो भी वैसाच होता था.” तुझ्या वेळी नेमकं काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. पण मशीन नव्हे. दिलसुखनगरला घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते. तुझी बाजू घेणारं कुणी भेटलं, पण केव्हा? तू गेल्यावर.

तू काही केलं नव्हतंस, आई. तुझ्यासमोर बसून, तुला मान वर करायला लावून मला हे सांगायचं होतं. पण पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. कारण आज दुपारी वेळ जाईना म्हणून उशीचा उसवलेला अभ्रा घेऊन तुझ्या मशीनवर बसले. पाय पायडलवर ठेवले आणि लगेच काढून घेतले. अख्खी शिवण चाक हाताने फिरवून घातली.