मध्ये बोललं की डबल

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची पाठ आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. बाबा ठणठणीत आहेत, दोन्ही वेळा नीट जेवतात, आणि दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून एकेक फ्रेम घालून बघतात नि प्रत्येकीत खोड काढतात. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तू ब्रिज क्लबच्या सेक्रेटरींना फोन केलास. बाबांना स्पर्धेत घेऊ नका, तिला दुसरा पार्टनर द्या. मला एका शब्दानं न विचारता. सेक्रेटरींनी ते मला चहाच्या टेबलापाशी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू.

तुझ्या कानावर काय आलं ते मला ठाऊक आहे. तू पत्त्यांना हात लावत नाहीस, तर सोपं करून सांगते. बाबांनी बोली सुरू केली, एक नोट्रम्प, म्हणजे हुकुमाशिवायचा डाव. माझी पाळी यायच्या आत त्यांच्या डावीकडच्या वकीलबाई मध्ये बोलल्या, दोन बदाम. माझ्याकडे चौकटची लांब रांग आणि बाकी कचरा. अशा वेळी आमचा संकेत ठरलेला. मी 'दोन नोट्रम्प' म्हणायचं, पण त्याचा अर्थ नोट्रम्प नव्हेच. अर्थ असा की, बाबा, तुम्ही डोळे झाकून तीन किलवर म्हणा, मग मी माझा रंग सांगते. हा संकेत बाबांनीच अलीकडे शिकून माझ्याकडून घोकून घेतला होता. मी म्हणाले, "दोन नोट्रम्प." बाबा म्हणाले, "पास."

डाव बाबांवर आला, म्हणून नियमाप्रमाणे मी माझा कचरा टेबलावर उघडा मांडला. वकीलबाईंनी एकामागून एक बदाम ओढले.

"अगं, तू दोन नोट्रम्प म्हणालीस, मला वाटलं तुला तेच हवंय," बाबा म्हणाले.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. दमले होते रे ते. त्या हॉलमध्ये उकडतंही फार.

उकाड्याचं राहू दे. त्याआधीही दोनदा असंच झालं होतं.

पण कुठलं पान पडलं आणि कुठलं कोणाच्या हातात दडलंय, हे बाबा अजून त्या हॉलमधल्या कोणापेक्षाही चोख सांगतात. पुसलं जातंय ते अलीकडचं शिकलेलं. म्हणून मी संकेतांचं ते सगळं लोढणं टाकून दिलं आणि विचारलं, "तुमच्या तरुणपणी नोट्रम्पवर कोणी मध्ये बोललं तर काय करायचात?"

ताठ बसले. "करायचंय काय? डबल! मध्ये तोंड घालणाऱ्याची दाढ काढायची."

जन्मभर दातांचा दवाखाना चालवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? डबल म्हणजे, बोललास ना, आता खेळून दाखव, पडलास तर दंड जबर. आता आमचा एवढाच नियम.

शनिवारी बाबांच्या डावीकडे खुद्द सेक्रेटरी होते. बाबा म्हणाले, एक नोट्रम्प. सेक्रेटरी, दोन इस्पिक. माझ्या हातात राजा-गुलामासकट चार इस्पिक होती. "डबल," मी म्हटलं. बाबा पास म्हणून निवांत रेलले. सेक्रेटरी तीन हात कमी पडले.

"दुखलं का हो?" बाबांनी विचारलं. "वरची डावीकडची मीच काढली होती ना तुमची?"

अख्खा हॉल हसला. मी तिथल्या तिथे म्हटलं, रविवारच्या स्पर्धेत आमची जोडी घ्या, नाहीतर कुठला नियम आड येतो ते दाखवा. त्यांना दाखवता येईना. नाव लागलंय.

आणखी एक गोष्ट. त्याच दिवशी जिना उतरताना मी बाबांचा हात धरला, तर ते फार अदबीनं म्हणाले, "तुम्ही छान खेळता. नेहमी येता का इथे?"

मी म्हटलं, "हो. माझे पार्टनर फार चांगले आहेत."

"नशीबवान आहात," ते म्हणाले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत आलो, तेव्हा "अगं, किल्ली घेतलीस ना?" म्हणून माझ्यावर खेकसले. इतकं बरं वाटलं मला ते खेकसणं.

डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या चालू आहेत, फार आशा दाखवत नाहीत. तू म्हणशील, म्हणूनच घरी बसव. नाही बसवणार. जिथे त्यांना बावन्नच्या बावन्न पानं आठवतात, तिथे मी त्यांना नेणार. मी कोण ते त्या दिवशी आठवो न आठवो, समोरच्या खुर्चीत मीच असणार. कोणी हसलं तर हसू दे. पडलो तर दोघं पडू.

रविवारी ये. आमच्या टेबलामागे तुझ्यासाठी खुर्ची ठेवते. बघ हवं तेवढं. फक्त मध्ये बोलू नकोस. मध्ये बोलणाऱ्याचं आम्ही काय करतो, ते आता तुला माहीत आहे.

तुझी धाकटी बहीण,
आणि बाबांची पार्टनर