रंगबुडवीचा गालिचा

मी गीताबाई, कैलासवासी अर्जुनराव देशमुख यांची पत्नी, राहणार धारूर, जिल्हा बीड, इलाखा निजाम सरकार, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर आपखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. पायांना सूज आहे, डोके जागेवर आहे. या कागदावरून माझ्या मागे कज्जा होऊ नये. झालाच, तर करणाऱ्याचे तोंड मला बघावे लागणार नाही, एवढे तरी बरे.

कलम १. घर व किल्ल्याच्या वाटेवरची जमीन यजमानांनी हयातीतच पुतणे मोहनराव यांच्या नावे केली आहे. त्यात माझा हक्क नाही, तक्रारही नाही. पोटच्या मुलासारखे त्यांनी मला सांभाळले.

कलम २. माहेरची ठुशी व गोठ मोहनरावांची लेक शिवकन्या हिला द्यावे. सासरी कोणी ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून मागितले तर तिने देऊ नये. माझी पुतळ्यांची माळ तशीच गेली.

कलम ३. तांब्याचे घंगाळ, रिठ्यांचे मडके, वेताची छडी आणि मऊ कुंचा, हे सगळे छबुबाईला. ती माझ्या लग्नापासून या घरात कामाला आहे. तिला सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी लिहून ठेवते. गालिचा पालथा घालून पाठीकडून झोडावा, म्हणजे धूळ खाली गळते. रिठ्याच्या गार पाण्यात फडके पिळून लवेच्या ओढीने, म्हणजे वरचे बारीक केस झुकतात त्या बाजूने, पुसावे, उलटे घासू नये. सावलीत वाळवावा. गुंडाळताना कडुनिंबाचा सुका पाला घालावा, नाहीतर कसर लागते. पापडखार कधीही लावू नये. पापडखारानेच माझे नाव गेले, आणि तो मी लावलाच नव्हता.

कलम ४. बैठकीतला लाल गालिचा. हा यजमानांनी वरंगळहून आणला आणि ‘हा तुमचा’ म्हणून मला दिला. एका दिवाळीला मी तो वर लिहिल्याप्रमाणे धुतला. गड्यांनी वाळलेला गालिचा आत नेऊन पसरला. मी माजघराच्या दारातून पाहिला आणि हरखून गेले. इतका लाल मी तो कधी पाहिला नव्हता.

यजमान समोरच्या भिंतीशी लोडाला टेकून बसत. शेजारी त्यांची थोरली बहीण, माझी नणंद भिवराबाई. ती तिथून ओरडली, “लई खार घातला हिनं! पार रंग बुडिवला. कळत न्हाई तर हात कावून लावावा?”

मी म्हटले, “वन्सं, मला तर खुललेला दिसतोय.”

“सोताचं केलेलं कुनाला दिसतंय?”

यजमान एवढेच म्हणाले, “जाऊ द्या आता. गालिचाच हाय.” ते रागावले असते तर बरे झाले असते. मी भांडले असते, आणि भांडता भांडता एखादे वेळी आम्ही दोघे एका बाजूला आलो असतो. पण बैठकीत माणसे असताना सुनेने पलीकडे जायचे नाही, आणि पुरुषाने दिवसा माजघराच्या दारात यायचे नाही, अशी आमची रीत. त्या दिवसापासून माझे नाव रंगबुडवी पडले. मीही हट्टाने म्हटले, या गालिच्यावर पाऊल ठेवणार नाही. तो पुन्हा धुवायला मला कोणी उचलूही दिला नाही. छबू खाली मान घालून जागच्या जागी झाडत असे, तिला रंग कोण विचारतो? पुढे पुढे मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

यजमान गेले. तेराव्यानंतर त्यांचा लोड उचलायला मी पहिल्यांदा त्यांच्या जागेवर गेले. वळून पाहिले तर गालिचा विटलेला, अगदी फिका. दारात उभ्या छबूला विचारले, रंग कसा दिसतो? “लालभडक हाय की बाई. कावून?” मग मी दारात गेले आणि ती लोडापाशी आली. ती म्हणाली, “अगं बया, गेला की रंग!”

तेव्हा उमगले. लव ज्याच्याकडे झुकते त्याला रंग गडद दिसतो, पलीकडच्याला फिका. गड्यांनी गालिचा टोकांची उलटापालट करून पसरला होता, इतकेच. भिवराबाई खरे बोलत होती. मीही खरे बोलत होते. यजमान मात्र फिका रंग बघतच गेले. मला दिसला तो लाल रंग त्यांना दाखवायचा राहून गेला, याचे मला फार वाईट वाटते. त्याला आता कोणते कलम लावणार?

भिवराबाईला सांगायला गेले तर ती म्हणाली, “माजा भाऊ गेला आन् तुमाला गालिचा सुचतोय? तुमी जित्या असस्तोवर या घराची पायरी चढनार न्हाई.” ती लेकीकडे सिरसाळ्याला गेली, ती गेलीच. वयाने मोठी, पण माझ्याहून ठणठणीत आहे. माझ्या तेराव्याला नक्की येईल.

तेव्हा हा गालिचा मी भिवराबाईला देत आहे. देण्याआधी तो आहे तसा पसरलेला ठेवावा. ती आपल्या जुन्या जागी बसेल. तिला उठून माजघराच्या दारात, माझ्या जागी, येण्याची विनंती करावी. ती उठणार नाही, मला माहीत आहे. आग्रह करू नये. खालील दोन्ही साक्षीदारांनी टोके धरून, दाराकडचे टोक तिच्याकडे येईल असा, गालिचाच तिच्यासमोर फिरवावा. कोणी हसू नये, माझे नाव काढू नये. ती रडली तर रडू द्यावे.

हे मृत्युपत्र वाचून दाखवले, ऐकले, मान्य आहे. बायकांची निशाणी बांगडीची काढतात. माझ्या हातात आता बांगडी नाही, म्हणून अंगठा केला आहे.

अंगठा, गीताबाई अर्जुनराव देशमुख

साक्ष: बबनराव सुंदरराव, राहणार धारूर. गालिचा फिरवण्याचे कबूल.
साक्ष: पंडित रामहरी, राहणार धारूर. कबूल.
लिहिणार: उत्तरेश्वर कुलकर्णी

मुक्काम धारूर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८४३, सन १३३१ फसली.