चौदा उभे

१२ जाने. १९५८, रवि.

डोकं तापलंय. वाचनालयाचे चिटणीस भाऊसाहेब वकील. त्यांनी आज भर सभेत माझा कागद वर धरला नि म्हणाले, "गुरुजींना दोन घरं आली नाहीत."

आली नाहीत! नागपूरच्या साप्ताहिकाचं अख्खं शब्दकोडं फोडून दिलं, त्यात फक्त ६ आडवे अर्धं. ओळ अशी: "टोळीचा नवरा, आरंभी बसतो (४)". टोळी म्हणजे गण, नवरा म्हणजे पती. न येण्यासारखं काय आहे त्यात? माझ्या चौथीतलं पोरगं सांगेल. ग आणि ती ही दोन अक्षरं उभ्या शब्दांनी आपोआप भरली, मधली दोन घरं मी कोरी ठेवली. मुद्दाम. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून देवाचं नाव या हातानं लिहीत नाही.

हे तिथंच तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

फळा गेला. ज्याची उकल पूर्ण, त्यानं रविवारी चार वाजता फळ्यापाशी उभं राहून एकेक ओळ सगळ्यांना फोडून दाखवायची, ही इथली रीत. आमच्या वस्तीतला माणूस तिथं अजून उभा राहिलेला नाही. आज उभे राहिले तंबाखूवाले शेटजी. "नदी उलटी वाहिली, गरीब झाली (२)". नदी उलटी वाचा, दीन. संपलं. हे गृहस्थ दहा मिनिटं वर्धा नदीच्या पुरात काय काय वाहून गेलं ते सांगत होते. आणि लोक माना डोलवत होते!

१३, सोम.

शाळा सुटल्यावर रहीमभाईकडे. घड्याळं दुरुस्त करतो आणि कोड्याचा नाद माझ्याइतकाच. त्याच्या दुकानात अंक येतो, तो ओळ वाचतो, मी फोडतो, मग भांडण. कालचं सांगितलं. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला, "मास्टर, लिवनं म्हनजे पूजा थोडीच हाये? मी तं चारही घरं भरली. मले काय झालं?"

त्याला नाही होणार काही. त्यानं काही सोडलेलं नाही. मी सोडलंय, नि परत हातात आलं की अंगावर काटा येतो.

घरी कौसल्या म्हणते, "सोडाचीच होती तं चारही सोडाची. अर्धा देव ठेवला कायले?"

बायकोचं बरोबर असलं की राग दुप्पट येतो.

१४, मंगळ.

भाऊसाहेब रस्त्यात भेटले. तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणे. मी कडू कधी बोललो?

१७, शुक्र.

कोडेकाराला पत्र टाकलं. साप्ताहिकाच्या पत्त्यावर, तीन पानं. प्रत्येक कोड्यात दोन तरी देव, एखादा ऋषी, एखादं व्रत. कोडं सोडवणारे काय सगळे एकाच ओसरीवर वाढले? आमच्याकडेही वाचणारे आहेत. एखादं घर आम्हालाही द्या. भाषा कडक झाली. कौ. म्हणाली, थंड होऊन टाका. थंड झालो असतो तर टाकलंच नसतं.

३०, गुरु.

नवं कोडं. आजवरचं सगळ्यात कठीण. रहीमभाईनं दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली.

"शाबास रे पुरुषा, चढ झाडावर (३)". वा आणि नर, वानर. हे पटकन सुटलं. पण ११ आडवेनं दोन तास खाल्ले: "प्रश्नानंतर हिंदी पौष, बाजारात गाड्या भरून (३)". मी प्रश्नाचे सगळे शब्द मांडले. काय, कोण, कधी. रहीमभाई एकदम ओरडला, "पूस! अरे, पूस का महिना!" का आणि पूस. कापूस! बाहेर रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग जिनिंगपर्यंत लागलेली, आणि आम्ही आत डोकं खाजवतोय.

मग १४ उभे.

"विष्णूचा नववा, जागा झालेला (२)".

रहीमभाईनं ओळ वाचली नि अंक माझ्याकडे सरकवला. बुद्ध. हे माझ्या पत्राचं उत्तर. एक घर दिलं मला! दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतली एक नेमकी हीच, की हे आम्ही मानत नाही, हा खोटा प्रचार आहे. आणि हा माणूस मला खूश करायला तेच ताटात वाढतो. देव असता तर घर कोरं ठेवलं असतं. पण बुद्ध कोरा कसा ठेवू?

१ फेब्रु., शनि.

कबूल करून ठेवतो, निदान इथं. पाकीट आज टाकलं आणि १४ ची उकल पूर्ण लिहिली. दोन्ही भाग. माझाच नियम: ओळीतला एकही शब्द फुकट नसतो, प्रत्येकाचा पत्ता लागला पाहिजे. अर्धी उकल पाठवली की तो नागपूरवाला म्हणणार, याला आलंच नाही. पुन्हा तेच ऐकायचं? लिहिलं: "विष्णूचा नववा अवतार तो बुद्ध, पुराणं असं सांगतात, मला ते मान्य नाही. आणि बुद्ध म्हणजे जागा झालेला."

मान्य नाही असं स्वच्छ लिहिलंय. तरी पाकीट पेटीत पडलं तेव्हा बरं वाटलं नाही.

संध्याकाळी वाचनालयातून निरोप. नुसत्या चौकटीचा कागद तिथं कालच दिला होता. रहीमभाई तिथं कागद देत नाही, गावात बाकी कोणालाच कापूस आला नाही, पूर्ण उकल माझी एकट्याची. उद्या फळा माझा. कौ.नं तासाभरात सगळी वस्ती उठवली.

२, रवि.

वस्तीतले बाहेर व्हरांड्यात उभे राहिले होते, चपला हातात घेऊन. मी फळ्यावरून हाक मारली, आत या. आले. कौसल्या पहिल्या ओळीत बसली.

वानर, कापूस, सगळं छान गेलं. कापसाला तर टाळ्या. मग १४. ओळ फळ्यावर लिहिली नि मोठ्यानं वाचली. वस्तीतले सोनबाजी, माझ्या बापाच्या वयाचे, वाचता येत नाही म्हणतात, पण "विष्णू" त्यांनी ऐकलं नि मान वर केली. मी म्हणालो, "बुद्ध. म्हणजे जागा झालेला."

भाऊसाहेब बसल्या जागेवरून, "आणि पहिले दोन शब्द? एकही शब्द फुकट नसतो ना, गुरुजी?"

मी ओलं फडकं घेतलं आणि ते दोन शब्द पुसले. म्हणालो, "ही कोडेकाराची चूक आहे."

मागून सोनबाजी, "बराबर पुसलं! खोटं ते खोटं!"

भाऊसाहेब उठले. म्हणाले, "ओळ पुसायचा हक्क उकल करणाऱ्याला नाही. उकल अपूर्ण. पुढे फळा द्यायचा की नाही, समिती ठरवेल." समिती ठरवेल! शेटजींच्या पुरावर समिती बसली नव्हती.

परत येताना सगळे माझ्याभोवती. कोणी पाठीवर थाप मारत होतं. कालचं पाकीट तोवर नागपूरच्या गाडीत बसलेलं होतं.

७, शुक्र.

समितीचा निर्णय नाही. रोज कोणीतरी घरी येतं, फळ्याचं पुन्हा सांग म्हणतं. सांगतो. दरवेळी जरा कमी सांगतो.

१३, गुरु.

अंक आला. शेवटच्या पानावर माझं नाव, गावासकट. खाली १४ उभे, माझ्या उकलीतून घेतलेलं: "विष्णूचा नववा अवतार तो बुद्ध. आणि बुद्ध म्हणजे जागा झालेला." बस. एवढंच. मधलं माझं वाक्य कापून टाकलं! विचारलं नाही, टिंबं दिली नाहीत, काही नाही. शेजारी केसांच्या तेलाची जाहिरात वीतभर. तेलाला जागा आहे, माझ्या सात शब्दांना नाही. चोर लेकाचे. उद्याच लिहितो त्यांना. पण नक्कल मी ठेवलेली नाही, आणि जे छापलंय ते सगळं माझ्याच हातचं आहे.

भाऊसाहेबांनी ते पान वाचनालयात फळ्यावर टाचलं. मला म्हणाले, "अभिनंदन. फळ्यावर पुसलंत, कागदावर लिहिलंत. पुढचा रविवार तुमचाच."

रहीमभाई म्हणतो, "नाव तेवढं वाच, खालचं नको वाचू."

संध्याकाळी सोनबाजी दारात. "गुर्जी, तुयं नाव पेपरात छापून आलं म्हनते. आमाले वाचून दाखव ना बाप्पा, अख्खं." उद्या पाचला, वस्तीतल्या झेंड्यापाशी, असं ठरवून पण गेले. चहाचं आधण कोण ठेवणार हेही ठरलंय.

कौसल्याला काही सांगितलेलं नाही. अंक माझ्या पिशवीत. मघाशी म्हणाली, "तुमचा आवाज बसला हाये. उद्या मी वाचून दाखवू का?" लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, मीच शिकवली. आता माझ्यापेक्षा भरभर वाचते. जे छापलंय तेच वाचेल.